रात्रीची धावपळ दिवसा

बाय, निवासी शाळेत नर्स म्हणून रुजू होते आहेस, तर पगाराआधी खोली बघ. मुलींच्या वसतिगृहाला चिकटून खोली दिली असेल, तर कागदावर ड्युटी नऊ ते पाच असली तरी रात्रही तुझ्याच गळ्यात आहे असं धर. म्हणून खोली नाकारू नकोस. तू जवळ असणं मुलांच्या भल्याचंच आहे. फक्त रुजू व्हायच्या दिवशी मुख्याध्यापकांना चार ओळींचा अर्ज दे. कामाचे तास कोणते, त्यापलीकडे बोलावलं तर नोंद कुठे करायची, त्याबदली सुट्टी कधी मिळणार, आणि मी रजेवर असताना जबाबदारी कोणाकडे, एवढंच विचार. आवक क्रमांक घालून घे, पोच आपल्याजवळ ठेव. पहिल्या आठवड्यात दिलेला अर्ज कोणाला खटकत नाही. सहा महिन्यांनी, कोणाशी वाजल्यावर दिलास, तर तोच अर्ज तक्रार ठरतो आणि मग अख्खा स्टाफ दोन दिवस तुझ्याशी बोलत नाही.

मी आधी उपकेंद्रात होते, शेवटची वर्षं वसतिगृहाच्या शाळेत काढली, आणि आता महाडकडच्या तुडीलला बसून खाडीपट्ट्यातल्या पोरींना शहाणपण शिकवते. आमच्या वेळच्या मोठ्या सिस्टर सांगायच्या त्यातलं जे कामाला आलं ते, आणि पुढे माझं मला उमगलं ते, असं एकत्रच ऐक. क्रमवार मागू नकोस.

शाळेतलं सगळ्यांत घातक वाक्य कोणतं ठाऊक आहे? ‘सिस्टर आहेत ना!’ ऐकायला बरं वाटतं गो, मान वाटतो. पण हे वाक्य रुजलं की बाकी सगळे मोकळे होतात. रात्री पोर जिन्यावरून पडलं की चौघं तुझ्या दाराकडे धावतात आणि पोरापाशी कोणीच उरत नाही. तू न्हाणीघरात असशील, तापाने पडली असशील, महाडला औषधं आणायला गेली असशील. महत्त्वाची पहिली मिनिटं दार वाजवण्यात जातात. म्हणून पहिल्या महिन्यात औषधांच्या कपाटापेक्षा माणसांकडे लक्ष दे. रात्री मुलांजवळ खरोखर कोण असतं? अधीक्षिका, वॉचमन, कामाठी, पहाटे उठणारा स्वयंपाकी, आणि प्रत्येक खोलीतल्या दोन मोठ्या मुली. गुरुजी लोकांना प्रशिक्षणाचं पत्र निघतं, चहाबिस्किटं होतात, आणि रात्री दहा वाजता ते आपापल्या घरी असतात. तू कामाठीला शिकव.

काय शिकवायचं? फार नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरायचं, आणि थांबलं का हे बघायला दर मिनिटाला उचलायचं नाही. झटका आला तर पोराला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान लांब करायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा एक सरून शुद्ध यायच्या आत दुसरा आला, तर रुग्णवाहिकेसाठी 108 लावायचा. घशात काही अडकलं आणि पोराला बोलता, खोकता येत नसेल तर पाठीत कसं ठोकायचं, पोटावर दाब कसा द्यायचा, ते प्रत्यक्ष करून दाखव. एवढं चार वेळा करून घेतलंस की रात्री तुझ्या दारात घाबरलेला माणूस येणार नाही, काम सुरू करून आलेला माणूस येईल.

आता फोनचं. मुलापाशी उभं राहून फोन करायचा, हा नियम लाव. ऑफिसात जाऊन केलेल्या फोनवर ‘खूप सिरियस आहे’ याच्यापलीकडे काही कळत नाही. पोरापाशी उभ्या असलेल्या माणसाला तू विचारू शकतेस: नाव विचारल्यावर सांगतंय का? श्वास घेताना छाती कशी हलतेय? हातपाय गरम की गार? उलटी झाली का, घाम आहे का, कधीपासून? एवढ्यावर तुला कळतं की अंगावरच्या कपड्यांनिशी धावायचं, की दोन मिनिटं घेऊन बॅग भरून निघायचं, की ‘साखर-मीठ-पाणी द्या, मी येते’ म्हणायचं. हे प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून अधीक्षिकेच्या टेबलावर चिकटव. शेजारी सगळ्या मुलांची वजनं असलेली यादी लाव आणि दर तीन महिन्यांनी ती बदल. रात्री डॉक्टरांना फोन लागला की त्यांचा पहिला प्रश्न वय आणि वजन हाच असतो, आणि तेव्हा झोपेतून उठलेलं पोर काट्यावर उभं करणं जमत नाही. त्याच यादीत खूण कर: फिट येणारी कोण, दम्याची कोण, हृदयाचं ऑपरेशन झालेलं कोण, कोणत्या औषधाने कोणाला पुरळ येतं.

आणि फोनचा नंबर खोलीचा असू दे, माणसाचा नको. शाळेकडून एक साधा बटणांचा मोबाइल मागून घे, नाही दिला तर स्वतः घे, पण नंबर ‘आरोग्य कक्ष’ म्हणून भिंतीवर लाव. ज्याची रात्र, त्याच्याकडे तो फोन. तू रजेवर गेलीस की फोन शाळेतच राहील. तुझा स्वतःचा नंबर भिंतीवर गेला, तर बदली होऊन दहा वर्षं झाली तरी लोक फोन करतील. मला अजून येतात.

108 ची गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे, आत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. पण पोलादपूरच्या डोंगरातल्या शाळेला ती मिनिटात पोचेल या भरवशावर राहू नकोस. फोन लावायचा, गाडी कुठून निघतेय ते विचारायचं, आणि तिथेच ठरवायचं: वाट बघायची, की आपली गाडी काढून वाटेत गाठायची. त्यासाठी रात्री गाडी देणारी दोन माणसं आधीच बोलून ठेव. एकच नको, त्याच्या घरी त्याच रात्री लग्न असतं. पोराबरोबर दोघं मोठे हवेत, मुलगी असेल तर त्यातली एक बाई. एक पिशवी कायम भरलेली ठेव: आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, थोडी रोकड, चार्जर, टॉवेल, मुलाचं कार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार करायचे म्हटले की कागद मागतात, आणि रात्री दोन वाजता ऑफिसच्या कपाटाची चावी क्लार्कच्या घरी असते.

महाड-पोलादपुरात नोकरी करणाऱ्या नर्सला विंचवाचं सांगायला लागू नये, पण नव्या पोरी बाहेरून शिकून येतात म्हणून सांगते. आपल्याकडचा लाल विंचू पोरांचा जीव घेतो, तो हृदय आणि फुप्फुसावर घाव घालून. हे जगाला सांगितलं ते इथूनच. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, विंचवाने मरणारी पोरं त्यांनी उशाशी बसून बघितली, आणि 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धोक्याची लक्षणं लिहिली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरून दाखवली. त्याचा लेख 1986 चा. आधी शंभरातली चाळीस माणसं दगावत होती, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. त्यांना पद्मश्री मिळाली 2022 मध्ये, म्हणजे विंचवांनी किती वर्षं वाट बघायला लावली बघ.

त्यांनी लिहिलेली लक्षणं पाठ कर आणि अधीक्षकांकडूनही करून घे. कळ जोराची आहे, पोर रडतंय, पण हातपाय गरम आहेत, तर त्यातल्या त्यात बरं. पोराला घाम फुटलाय, उलट्या होतायत, तोंडातून लाळ येतेय, हातपाय गार पडलेत, छाती धडधडतेय, मग कळ कमी असली तरी ते पोर धोक्यात आहे. मुलगा असेल तर लिंग ताठ होतं. हे अधीक्षक लाजून सांगत नाहीत आणि पोरगं तर मुळीच सांगत नाही, म्हणून तू सरळ विचार, पांघरूण घालून बघ. सकाळपर्यंत थांबायचं नाही. प्राझोसिन आपल्या मनाने द्यायची नाही, पहिल्या गोळीने रक्तदाब उतरू शकतो, पोर आडवंच राहायला हवं. पण शाळेला जोडलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शाळा सुरू होतानाच लेखी सूचना घेऊन ठेव: अशी लक्षणं दिसली तर फोनवर कोणाला विचारायचं, किती द्यायची, द्यायची की नाही. रात्री फोन लागल्यावर डॉक्टरला आणि तुला, दोघांनाही तो कागद उपयोगी पडतो.

सापाचं बाकी सगळं तुला शिकवलेलं आहे. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चालवायचं नाही, हातातली कडी-बांगडी आणि पायातला काळा दोरा काढायचा, अवयव हलू द्यायचा नाही, चावल्याची वेळ लिहायची. कातळावरचं फुरसं चावलं की सूज आणि रक्त दिसतं, लोक धावतात. मला काळजी मण्याराची वाटते. तो रात्री येतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि खूणसुद्धा दिसत नाही. पोर पहाटे उठून म्हणतं पोटात दुखतंय, घसा दुखतोय. अधीक्षिका म्हणते वडे जास्त खाल्ले. तासाभराने पापण्या जड होतात, मान धरवत नाही, बोलणं जडावतं. जमिनीवर झोपणारं पोर पहाटे पोटदुखीने उठलं तर आधी त्याच्या पापण्या बघ, वर बघायला सांग. पापण्या पडत असतील तर खूण शोधत बसू नकोस, गाडी काढ. आणि दिवसा मुख्याध्यापकांच्या मागे लागून खाटा मिळव, मच्छरदाण्या मिळव, त्या गादीखाली खोचायला लाव. मच्छरदाणी सापालाही अडवते. रात्रीचे कितीतरी फोन दिवसा मिळवलेल्या खाटांनी वाचतात.

बाकीचं भराभर सांगते. शाळेच्या कुंपणाला मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत, असेल तर तोडून टाकायला लाव. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, एक पोर खातं आणि दहा पोरांना वाटून देतं, मग रात्रभर उलट्या. लोहाची निळी गोळी जेवणानंतरच द्यायची. उपाशी पोटी दिलीस तर चार पोरींना मळमळेल आणि त्यांच्याकडे बघून चाळीस जणी आडव्या होतील, मग गावातून फोन, पत्रकारांचे फोन. प्रार्थनेला चक्कर येणारी पोर बहुतेक वेळा उपाशी असते. तिला गोळी नको, आधी काही खायला दे.

जे कुलपात लागत नाही ते कुलपात ठेवू नकोस. पॅड, ओआरएसच्या पुड्या, गरम पाण्याची पिशवी, पट्ट्या, थर्मामीटर, एवढं अधीक्षिकेच्या खोलीत उघड्या फळीवर ठेव. सोबत वही, घेतलं त्याने लिहायचं. पॅडसाठी रात्री एक वाजता पोरीने तुला उठवावं आणि त्यासाठी आधी दोन माणसांना सांगावं लागावं, यात तुझी झोप जाते हे सोड, पोरीची लाज जाते. बऱ्याच पोरी मग मागतच नाहीत.

आता स्टाफ. इथं तुझा खरा कस लागणार आहे, कारण पोरं रात्री क्वचित आजारी पडतात, मोठी माणसं रोज पडतात. ‘सिस्टर, जरा बीपी बघा ना.’ ‘सिस्टर, मिसेसला इंजेक्शन द्यायचंय, घरी याल का?’ ‘सिस्टर, पाहुणे आलेत, एक सलाईन लावून टाका, अशक्तपणा आहे.’ तू नवीन, तू वयाने लहान, त्यात बाई माणूस, म्हणून हे फोन जास्त येतील. सरळ नाही म्हणू नकोस, कधी ते सांग. ‘सर, गुरुवारी चार ते पाच स्टाफचा वार ठेवलाय, तेव्हा निवांत बघते.’ बीपी, साखर, वजन, सगळं त्या तासाला. वेगळी वही ठेव, आकडे लिही, वाढलेला आकडा दिसला की डॉक्टरकडे पाठव आणि पुढच्या गुरुवारी गेले का विचार. दोन महिन्यांत लोक स्वतःच गुरुवारची वाट बघतात. माझ्याकडे एक गुरुजी पाच वर्षं गुरुवारी यायचे, गोळी मात्र एकदाही वेळेवर घेतली नाही.

घरी जाऊन इंजेक्शन द्यायचं नाही. मुख्याध्यापकांच्या घरी नाही, संस्थेच्या साहेबांकडेही नाही. कारण मानाचं नाही. इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर त्या घरात अॅड्रेनालिन नाही, ऑक्सिजन नाही, आणि तुझ्या हातात डॉक्टरची चिठ्ठी नाही. असंच सांग: ‘चिठ्ठी आणा, आणि आपण दवाखान्यातच देऊ, तुमच्याच जिवासाठी सांगते.’ जिवासाठी म्हटलं की राग येत नाही. सलाईन मागणाऱ्याला लिंबूसरबत दे. शाळेचा औषधसाठा मुलांचा आहे, गोळ्या मोजून येतात, तपासणीला मोजल्या जातात. स्टाफला दिलेल्या अँटिबायोटिकचा हिशेब तुलाच द्यायचा आहे. कोणाच्या तान्ह्याला खोकल्याचं औषध तर कधीच देऊ नकोस. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची पोरं विषारी खोकल्याच्या औषधाने गेली, त्यातली कितीतरी आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत. बाटलीवर छापलेलं सगळं खरं असतं असं नाही.

स्टाफच्या या नियमांना एक अपवाद. कुठल्या सरांच्या छातीत मध्यरात्री कळ आली, घाम फुटला, डावा हात भरून आला, तर ड्युटीचे तास आठवू नकोस. बीपी तीनतीनदा मोजत बसू नकोस. गाडीत घाल. उठून चालत गाडीपर्यंत येतो म्हणतील, येऊ देऊ नकोस, खुर्चीत बसवून उचलून न्यायला लाव.

रात्री कोणाला तपासायचं झालं तर आरोग्य कक्षात, दार उघडं ठेवून, सोबत अधीक्षिका किंवा कामाठीबाई. तुझ्या खोलीत नाही. दार वाजवणारा माणूस कितीही भला असला तरी नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच हे सांगून टाक, म्हणजे पुढे कोणा एकाला सांगायची वेळ आल्यावर त्याला अपमान वाटणार नाही.

व्हॉट्सअॅपचे ग्रुप. ‘इमर्जन्सी असेल तर फोन करा, मेसेज मी सकाळी नऊला बघते’ हे एकदा लिहून टाक आणि पाळ. रात्री अकराला एका मेसेजला उत्तर दिलंस की नियम संपला. पोराच्या जखमेचा फोटो, पोरीच्या पाळीचा उल्लेख, कोणाच्या तपासणीचा कागद, ग्रुपवर काहीही जाऊ देऊ नकोस. कोणी टाकला तर त्याला बाजूला घेऊन काढून टाकायला लाव, ग्रुपवरच वाद घालू नकोस.

पालकांचे फोन वेगळे. आपल्या खाडीपट्ट्यातले बाप कुवेतला, सौदीला असतात. कुवेत आपल्या अडीच तास मागे, त्यांचे साडेआठ म्हणजे आपले अकरा. कामावरून खोलीवर येऊन जेवून त्यांना वेळ मिळतो तो तेव्हाच. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना सांग, शुक्रवारी तिथं सुट्टी असते तेव्हा दुपारी करा, मी पोराला समोर बसवून बोलायला देते. आणि दिवसा पोराला काही झालं असेल तर संध्याकाळी तूच घरी कळव, आईला आणि आजीला. बापाला बातमी तिसऱ्याकडून कळली की रात्री फोन येतोच, आणि तो फोन भांडणाचा असतो. कातकऱ्यांच्या पोरांचं उलटं. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीला किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, फोन लागत नाही, नंबर बदललेला असतो. दिवाळीच्या सुट्टीला पोर घरी जाताना आणि परतताना विचार: आता आईबाप कुठे जाणार, मुकादम कोण, त्याचा नंबर काय, वाडीवर म्हातारं माणूस कोण मागे राहणार? ऑपरेशनच्या संमतीला सही लागते तेव्हा हा मुकादम देवासारखा आठवतो.

तुला वाटेल, शाळेत नर्स ही शहरी चैन आहे. तसं नाही. शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात सुरू झाली ती 1909 मध्ये बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या राज्यात. त्याच्या आधी, 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या चार शाळांत लीना रॉजर्स नावाची एक नर्स महिनाभरासाठी म्हणून ठेवली. खरूज, डोळे आलेले, डोक्यात उवा, अशा कारणांनी घरी पाठवलेली पोरं ती बरी करून वर्गात परत बसवू लागली, आणि महिना संपल्यावर तिला हलवायचं नावच कोणी काढलं नाही. आपल्याकडे भोर समितीने 1946 मध्ये शाळांच्या आरोग्यसेवेची दैना लिहून ठेवली. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, 2013 पासून, आणि ते चांगलं काम करतं. नवोदय विद्यालयांत स्टाफ नर्सचं पद आहे. तुडीलसारख्या गावच्या दिवसाच्या शाळेत मात्र काही झालं की आशाताई किंवा उपकेंद्राची सिस्टर, आणि त्यांनाही ‘तुम्ही आहात ना’ हेच ऐकावं लागतं. आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अभ्यास करायला डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमली होती, तिचा अहवाल 2016 चा. पंधरा वर्षांत हजारावर पोरं गेली होती. त्यातली कितीजण रात्री गेली असतील असा विचार माझ्या मनात येतो, आणि म्हणून मी तुला एवढं बोलते.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलायचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. कायदा झाला नाही. झाला असता तरी निवासी शाळेतली नर्स फोन बंद ठेवून झोपली असती असं मला वाटत नाही. आपल्याला हवं ते थोडं वेगळं आहे: फोन वाजला तर तो खऱ्या कारणासाठी वाजावा, आणि आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री दुसऱ्या कोणाकडे वाजावा. म्हणून प्रत्येक रात्रीच्या बोलावण्याची नोंद कर. तारीख, वेळ, कोणी बोलावलं, काय होतं, काय केलं, किती वाजता परत आलीस. महिनाअखेरी ते पान मुख्याध्यापकांपुढे ठेव आणि काही बोलू नकोस. ‘सिस्टर, यातले निम्मे फोन तर डोकेदुखीचे आहेत’ असं ते स्वतः म्हणतील, आणि तुझ्या तोंडून निघण्यापेक्षा त्यांच्या तोंडून निघालेलं स्टाफरूममध्ये जास्त चालतं. तीच वही पोराच्या अपघाताच्या मदतीचा अर्ज करताना कामी येते, आणि कोणी उलटून ‘सिस्टर आल्याच नाहीत’ म्हणालं तर तेव्हाही.

एक गोष्ट अशी आहे जिथं मुख्याध्यापकांचंही ऐकायचं नाही. पोरगी वारंवार पोटदुखीची तक्रार करते, एका ठरावीक माणसाचं नाव निघालं की गप्प होते, पाळी चुकलीय, किंवा मुलगा बसताना कळवळतो. अशा वेळी शेजारी बसून ऐक. खोदून खोदून विचारू नकोस, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नकोस, कारण ते तुला पाळता येणार नाही. 2012 चा पोक्सो कायदा सांगतो की कळलं किंवा दाट संशय आला तर पोलिसांना कळवायचंच. न कळवणं हा गुन्हा आहे, संस्थेच्या प्रमुखाला तर शिक्षा जास्त. ‘सकाळी बघू, शाळेचं नाव जाईल’ असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मुलगी त्या रात्री सुरक्षित खोलीत झोपेल ते बघ, मुलांच्या मदतीची 1098 हेल्पलाइन लाव, कपडे धुवू देऊ नकोस, आणि तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिही.

पावसाचं राहिलं. मे महिन्यातच साठा भर, कारण जुलैत घाट आणि रस्ता दोन्हींचा भरवसा नसतो. 2021 च्या 22 जुलैला तळियेवर डोंगर आला, महाड शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा एका गावातून दुसऱ्या गावात जाता येत नव्हतं. सावित्रीला पूर आणि खाडीला भरती एकत्र आली की पाणी उतरत नाही, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जोराचा पाऊस असेल तर कुरकुरणारं पोर रात्रीपर्यंत ठेवू नकोस, उजेडात हलव. दम्याचं आहे, ताप तीन दिवस उतरत नाही, पोटात उजवीकडे दुखतंय, असल्या पोराला ‘उद्या बघू’ करायचं नाही. पूर ओसरल्यावर चिखलातून चालून आलेल्या पोराला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही दिसलं तर लेप्टोची शंका डॉक्टरांच्या कानावर घाल.

आणि रजा घे. गणपतीला, शिमग्याला घरी ये. आठवडा आधी लिहून दे: फोन कोणाकडे, कपाटाची चावी कोणाकडे, यादीतल्या खुणेच्या पोरांपैकी कोणाला कधी कोणती गोळी. चावी घेणाऱ्याची सही घे. एखादं मधुमेहाचं पोर असेल तर त्याचं वेगळं सांग: घाम आणि थरथर दिसली, वेड्यासारखं बोलायला लागलं, तर आधी साखर, मग फोन, आणि पोर बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही. इन्सुलिन फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात कधीच नाही. आपल्याकडे गणपतीत वीज दोन-दोन दिवस जाते, तर बाटली झाकणाच्या डब्यात बंद करून तो डबा माठाजवळ गार जागी ठेवायचा, पाण्यात बुडवायचा नाही. हे त्या माणसाला तोंडी सांगून भागत नाही, एकदा त्याच्याकडून करून घे.